अम्मीच्या अंगठीचे पैलू

रमजान जवळ आला की आपल्या घरांत दागिन्यांचा डबा एकदा तरी उघडला जातो. जकातीचा हिशेब करायचा असतो. कोणता दागिना हिशेबात धरायचा आणि कोणता नाही, यावर शाफई आणि हनफी घरांत वेगवेगळी पद्धत आहे; ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण एक गोष्ट बहुतेक घरांत सारखीच होते. सोने तोलताना खड्यांचे वजन वजा केले जाते. सोनार विचारतो, "खडे किती?" आपण म्हणतो, "असतील ग्रॅमभर." तेवढे वजा होते, उरलेले वहीत लिहिले जाते आणि डबा पुन्हा कपाटात जातो. वर्षानुवर्षे वजा होत राहिल्यामुळे त्या खड्याकडे नीट पाहायची वेळ कुणावर येतच नाही. ती येते घरातले मोठे माणूस गेल्यावर, तरका वाटायला बसल्यावर. तेव्हा खडा काय आहे हे सांगणारी व्यक्ती बहुधा या जगात राहिलेली नसते.

मी शिक्षिका आहे. राहते डहाणूला, शिकवते गंजाडला. उर्दू आणि मराठी या माझ्या दोन भाषा. हिऱ्या-माणकांशी माझा संबंध एरवी शब्दांपुरताच. शब्द मात्र मला नेहमी ओढून घेतात. आपण ज्याला कॅरट म्हणतो तो मुळात अरबी 'कीरात'. जनाज्याच्या नमाजचा आणि दफनापर्यंत थांबण्याचा सवाब सांगणाऱ्या हदीसमधून हा शब्द आपल्या कानावरून गेलेला असतो. त्याच्याही मागे एका शेंगेच्या बीसाठीचा ग्रीक शब्द आहे, कारण फार जुन्या काळी मौल्यवान वस्तू बियांनी तोलत. आज एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये पाच कॅरट. जव्हेरी हा शब्द 'जौहर'पासून आला आणि हिऱ्याला उर्दूत 'अलमास' म्हणतात. अकराव्या शतकात अल-बिरूनीने रत्नांची ओळख सांगणारा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. रत्न पारखणे ही आपल्याकडे फक्त बाजारातली गोष्ट नव्हती, ती विद्याही होती.

दोन वर्षांपूर्वी अम्मीचे निधन झाले. अब्बा आधीच गेले होते. मागे आम्ही तिघे: मोठे भाईजान, मी आणि धाकटी. धाकटी विधवा आहे, दोन मुलांसह भिवंडीत भाड्याने राहते. शरीयतप्रमाणे चार हिस्से होतात, दोन भाईजानचे आणि एकेक आम्हा बहिणींचा. डहाणूचे जुने घर, थोडे सोने आणि अम्मीच्या बोटातली एक अंगठी, एवढाच तरका. अंगठीत मधोमध एक मोठा खडा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन लहान. ती अम्मीला तिच्या सासूकडून मिळाली होती आणि सासूला तिच्या माहेराहून. अम्मी नेहमी म्हणायची, "ही धाकटीची."

अम्मीची इच्छा आम्हा सगळ्यांना माहीत होती. तरीही आपल्याकडे वारसासाठी वसीयत चालत नाही. बाकीच्या वारसांनी राजीखुशीने मान्य केले तरच ती पुढे जाते. भाईजान पहिल्या बैठकीतच म्हणाले, "अंगठी धाकटीला द्या, हिशेबात धरू नका." मीही हो म्हटले. मग धाकटी ती अंगठी घेऊन एका दुकानात गेली. तिला मुलीसाठी कानातले करायचे होते. दुकानदाराने अंगठी काट्यावर ठेवली, खडा बोटाने फिरवला आणि म्हणाला, "घाट जुना आहे, चमक नाही, असला माल आता कुणी घेत नाही. सोन्याचे वजन धरतो, खडे राहू द्या. नवे बदलून न्या." धाकटीने विचार करून सांगते म्हटले आणि रात्री मला फोन केला, "आपा, खड्याची काहीच किंमत नसेल तर तो दुकानात का ठेवून घेतात?"

तिचा प्रश्न बरोबर होता. त्याच्या उत्तरासाठी आधी 'जुना घाट' म्हणजे काय ते समजून घ्यावे लागले.

हिरा खाणीतून निघतो तेव्हा त्याचा नीट वाढलेला खडा साधारण आठ बाजूंचा असतो. दोन पिरॅमिड तळाला तळ लावून जोडावेत तसा. हे कागदावर समजत नाही, म्हणून मी गंजाडला कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून चिकणमातीचा तसा आकार करून घेतला. गंजाड हे पद्मश्री जिव्या सोमा म्हसे यांचे गाव. गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे इथून जगभर गेली. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन या मुलांना शिकवावे लागत नाहीत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करणाऱ्या घरांतली ही मुले. एका मुलीने मातीचा तो खडा हातात फिरवला, वरून पाहिला आणि म्हणाली, "बाई, वरून चौक दिसतो." लग्नाच्या भिंतीवर काढतात तो चौक. हिऱ्याच्या बऱ्याच जुन्या घाटांचे मूळ तिने एका वाक्यात सांगितले.

युरोपातल्या कारागिरांनी सुरुवातीला या खड्याच्या नैसर्गिक बाजूच घासून चकचकीत केल्या. नंतर वरचे टोक सपाट केले, की झाला 'टेबल कट'. वर चौकोनी सपाट तक्ता आणि खाली उतरत्या बाजू. सोळाव्या शतकापासून 'रोझ कट' पुढे आला. त्याची खालची बाजू साफ सपाट आणि वरची घुमटासारखी. घुमटावर त्रिकोणी पैलू असतात, कधी तीन, कधी सहा, बारा किंवा चोवीस, आणि ते मधोमध टोकाला मिळतात. गुलाबाच्या मिटलेल्या कळीसारखा दिसतो, म्हणून हे नाव. याला पोट नसतेच. पातळ, पसरट खडा वाया न घालवता वापरायचा हा उत्तम मार्ग होता.

मग आला 'ओल्ड माइन कट'. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातला हा मुख्य घाट. वरून पाहिला तर कोपरे गोल केलेला चौकोन, लहानशा उशीसारखा. डोके उंच, वरचा तक्ता लहान, पोट खोल आणि खालचे टोक कापून सपाट केलेले. वर तेहतीस आणि खाली पंचवीस, असे एकूण अठ्ठावन्न पैलू. चौकोनी घडणीचे कारण तेच, त्या मुलीला दिसलेला चौक. कच्च्या खड्याचा आकार धरून चालले की वजन कमी वाया जाते. 'जुनी खाण' हे नाव मागाहून पडले. १८६० च्या दशकाच्या शेवटी दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले. त्याआधी जगाला हिरे मिळत ते मुख्यतः हिंदुस्थानातून आणि अठराव्या शतकापासून ब्राझीलमधून. त्या जुन्या खाणींच्या काळातला घाट म्हणून ओल्ड माइन.

पुढे यंत्राने हिऱ्याची कड गोल करता येऊ लागली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ओल्ड युरोपियन कट' रुळला. हा पूर्ण गोल, पण डोके अजून उंच, तक्ता लहान आणि खालचे टोक सपाट. १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्की यांनी प्रकाशाचे गणित मांडून कोणत्या कोनात पैलू पाडले तर हिरा सर्वांत जास्त चमकेल ते लिहिले. आज दुकानात दिसणारा गोल हिरा त्याच गणितातून आला. तक्ता मोठा, डोके बसके, खालचे टोक अणकुचीदार. विजेच्या दिव्याखाली तो सतत लखलखतो.

इथेच दुकानदाराच्या "चमक नाही" याचे उत्तर आहे. जुन्या घाटाचे हिरे समई, कंदील आणि मेणबत्तीच्या उजेडासाठी घडले होते. त्यांचे पैलू मोठे, म्हणून प्रकाशाचे तुकडेही मोठे. हात हलवला की एखादी रुंद झळक येते आणि जाते. पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या दुकानात नव्या हिऱ्याशेजारी तो मंद वाटणारच. चमक नाही असे नाही. त्याची चमक वेगळ्या उजेडासाठी घडवलेली आहे.

आपल्या देशातला जुना घाट आणखी निराळा. फ्रेंच जव्हेरी ताव्हेर्निए सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या राज्यातल्या खाणी पाहून गेला. त्याने लिहिले आहे की इथले कारागीर खडा स्वच्छ असेल तर त्याला नुसता चाकावर फिरवतात, वजन घटेल म्हणून आकार द्यायला जात नाहीत; आणि खड्यात दोष असेल तर तो लपवण्यासाठी त्यावर बारीक पैलू पाडतात. म्हणून मोगल काळातल्या खड्यांवर पैलू असतात, पण एकसारखे नसतात. आपल्या घरांत जास्त करून आढळते ती पोलकी. हिऱ्याचा पातळ, सपाट काप, कुंदनमध्ये बसवलेला आणि मागे चकचकीत वर्ख लावलेला.

एवढे कळल्यावर मी अंगठी आमच्या गल्लीतल्या एका चाचांकडे घेऊन गेले. डहाणू मुंबई–सुरत रेल्वेवर असल्याने आमच्याकडची काही मुले सुरतेला हिरे घासायच्या कामाला जात आली आहेत. चाचांनी तिथे वीस वर्षे घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, काढली. धंद्यात मंदी आली तेव्हा परतले आणि आता किराणा चालवतात. त्यांचा आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचे भिंग, अजून गल्ल्यात असतो. त्यांनी अंगठी पुसली आणि दुकानाचा दिवा बंद करून दारातल्या उजेडात धरली.

"बेटी, हा आमच्या घंटीचा माल नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे मथाळा एवढा उंच ठेवला असता तर मालकाने हाकलून दिले असते." सुरतेत खड्याच्या वरच्या भागाला मथाळा आणि खालच्या भागाला तळिया म्हणतात. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. "वरून सरळ आत बघ. मधोमध काय दिसते?"

तक्त्यातून आत पाहिले तर अगदी मध्यावर एक बारीकसे गोल भोक असावे तसे दिसत होते. ते भोक नव्हते. खालचे टोक कापून सपाट केलेले, तेच वरून दिसत होते. आजच्या हिऱ्यात तिथे काही दिसत नाही. चाचांनी पैलू मोजले, कोपरे पाहिले, कडेला एक टवका उडालेला दाखवला. "हाताने केलेले काम आहे. हा पैलू बघ आणि समोरचा बघ, थोडा फरक आहे. यंत्र असा फरक ठेवत नाही." मग त्यांनी बाजूचे चार लहान खडे पाहिले. दोन रोझ कट. उरलेल्या दोघांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. "हे दोन काच. मूळचे पडले असतील, कुणीतरी नंतर बसवले." हिऱ्याची कड सहसा अशी झिजत नाही, काचेची झिजते.

पण चाचांनी एक गोष्ट बजावली आणि ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. "घाट जुना म्हणून खडा जुना असे समजू नको. सुरतेत आता रोझ कट नव्याने पाडतात, जुन्या घाटाची नक्कलही करतात. प्रयोगशाळेत बनवलेला हिरा तर कुठल्याही घाटात मिळतो. कागद करून घे." घाटावरून एवढेच कळते की खडा त्या काळाच्या आधीचा नसावा, त्यानंतरचा तो कधीचाही असू शकतो. खरे वय घाट, झीज, बैठक आणि सोन्याची घडण हे सगळे मिळून ठरते. तोंडाची वाफ सोडून पाहणे वगैरे घरगुती उपायांवर विसंबू नये. दुकानात लावतात ती सुईची यंत्रेही मॉइसनाइट नावाच्या बनावट खड्याला फसू शकतात.

अखेर आम्ही तिघे मिळून मुंबईला गेलो. ओळखीच्या सोनाराने आमच्यासमोर मधला खडा काढला, कारण हिऱ्याचा पूर्ण अहवाल हवा असेल तर खडा सुटा द्यावा लागतो. प्रयोगशाळेचा कागद आला. नैसर्गिक हिरा. घाट ओल्ड माइन. वजन सव्वा कॅरटच्या आत. रंगात पिवळसर झाक, कडेला टवका. स्वप्नातला खजिना नव्हे. पण ज्यांना तो विकत घ्यायचा नव्हता अशा दोघांकडून आम्ही किंमत विचारली आणि दोघांनी सांगितलेली रक्कम अंगठीतल्या सोन्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाली.

त्या संध्याकाळी गाडीत कुणी फारसे बोलले नाही. विरार गेल्यावर धाकटीच म्हणाली, "आपा, आता ही मी अशी कशी घेऊ? भाईजाननी मला काचेची अंगठी दिली होती. ही दिली नव्हती."

तिचे म्हणणे मला फार खोल वाटले. वारसांची रजामंदी असेल तर वसीयत पुढे जाते, हे आपण वाचतो. पण रजामंदी कशाची? जी वस्तू काय आहे हेच माहीत नाही, तिच्यावरचा हक्क सोडला असे कसे म्हणायचे? भाईजानना अंगठी क्षुल्लक वाटत होती तेव्हा ती देणे सोपे होते. आता द्यायची तर त्यांनी जाणून द्यायला हवी होती, आणि नाही दिली तरी त्यात गुन्हा नव्हता. तो त्यांचा हक्क होता. उलट बाजूही तेवढीच खरी. दुकानदाराचे ऐकून धाकटीने अंगठी बदलून घेतली असती, तर तिच्यासकट आम्हा तिघांचा हक्क एका दुपारी वजन-काट्याखाली गेला असता आणि कुणाला कळलेही नसते.

भाईजाननी दोन दिवस मागितले. भाभीशी बोलले, मग आम्हा दोघींना बोलावले. अंगठी रीतसर तरक्यात धरली, तिचे चार हिस्से केले. धाकटीचा एक तिचाच. माझा मी तिला दिला. भाईजाननी आपल्या दोनपैकी एक दिला. त्यांच्याही मुलाची कॉलेजची फी तोंडावर होती. उरलेला एक हिस्सा धाकटीच्या घराच्या हिश्श्यातून वळता करायचे ठरले. हे सारे कागदावर लिहिले, मशिदीच्या जमातीतले दोन जण साक्षीला घेतले. अम्मीची इच्छा पूर्ण झाली, आणि कुणाच्या मनात "मला सांगितले नव्हते" असे राहिले नाही. अंगठी सध्या बँकेत आहे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी धाकटी ती विकेलही. तो तिचा हक्क आहे. पण विकेल तेव्हा 'पांढरा खडा, नग एक' म्हणून विकणार नाही.

एका दलालाने तिला सुचवले की खडा पुन्हा घासून आजच्या घाटात आणा, टवकाही जाईल. कधी कधी तसे करणे योग्यही असते. पण त्याआधी थोडा इतिहास माहीत असावा. कोहिनूर १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ठेवला तेव्हा लोक निराश झाले. मोगल घाटाचा तो हिरा त्यांना निस्तेज वाटला. पुढच्याच वर्षी तो नव्याने घासला गेला. तेव्हाच्या मापाने सुमारे १८६ कॅरटचा हिरा आज १०५.६ कॅरट उरला आहे. आपल्या महाराष्ट्रातला नासक हिरा, ज्याचे नाव नाशिकवरून पडले आणि परंपरा जो त्र्यंबकेश्वरचा मानते, तो १८१८ मध्ये पेशवाईबरोबर इंग्रजांच्या हाती गेला. लंडनमध्ये सुमारे नव्वद कॅरटचा ऐंशी झाला. १९४० मध्ये अमेरिकेत हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घासला. आता तो ४३.३८ कॅरट आहे. निर्मळ आणि देखणा आहे म्हणतात. पण हिंदुस्थानी कारागिराचा हात त्यावर आता शोधूनही सापडणार नाही.

याच्या उलट एक हिरा मॉस्कोत क्रेमलिनच्या हिरे-भांडारात आहे. 'शाह' त्याचे नाव, वजन ८८.७ कॅरट. लांबट, पिवळसर, जवळजवळ खाणीतून निघाला तसाच. थोड्या बाजू घासलेल्या आणि धाग्यात अडकवण्यासाठी भोवती कोरलेली खाच. त्यावर आपल्या उर्दूच्याच लिपीत फारसी अक्षरे आहेत. हिऱ्यावर हिऱ्याच्या भुकटीशिवाय दुसरे काही चालत नाही, म्हणजे ती अक्षरे कोरायला किती दिवस लागले असतील. पहिले नाव अहमदनगरच्या दुसऱ्या बुरहान निजामशाहचे, हिजरी सन १०००, म्हणजे १५९१-९२. दुसरे शाहजहानचे, हिजरी १०५१. तिसरे इराणच्या फतेह अली शाह काजारचे, हिजरी १२४२. तेहरानमध्ये रशियन वकील ग्रिबोयेदोव्ह मारला गेला, त्यानंतर १८२९ मध्ये इराणने तो झारला भेट दिला. दख्खन, आग्रा-दिल्ली, इराण, रशिया, असा अडीचशे वर्षांचा प्रवास त्या एका खड्यावर वाचता येतो, कारण कुणी त्याला नव्या फॅशनप्रमाणे घासला नाही. मी सहावी-सातवीच्या मुलांना निजामशाही शिकवते तेव्हा हा हिरा फळ्यावर काढते. अहमदनगरच्या सुलतानाची सही आजही वाचता येते, हे त्यांना खरे वाटत नाही.

आपल्या डब्यातल्या खड्यांवर बादशहांची नावे नसतात. पण कुणाची तरी आई, सासू, नानी असतेच. म्हणून वाचक भगिनींना काही साध्या सूचना.

डबा उघडाल तेव्हा प्रत्येक जुन्या दागिन्याचा समोरून, बाजूने आणि मागून फोटो घ्या. तो कुणाकडून आला, मेहरचा की माहेरचा की सासरचा, हे वहीत लिहा. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रिया हयात आहेत तोवर त्यांना विचारून लिहा. खडा खिडकीच्या उजेडात पाहा. मागची बाजू बंद आहे का, वरून गोल की चौकोनी, डोके उंच की बसके, मधोमध ते बारीक वर्तुळ दिसते का, तळ सपाट आहे का. दहा पट दाखवणारे भिंग फार महाग नसते. कुंदनचा किंवा मागून बंद असलेला दागिना पाण्यात बुडवू नका, साबणात घालू नका. ओल आत गेली की वर्ख काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो, मग कुणीही त्याला काच म्हणते.

दागिना दुरुस्तीला द्याल तेव्हा पावतीवर खड्याचा घाट, लांबी-रुंदी आणि टवके-डाग लिहून घ्या. किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच माणूस असू नये. मोठा खडा असेल तर मुंबईतल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून अहवाल करून घ्या. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या संस्था हे काम करतात. त्याचा खर्च सगळ्या वारसांनी मिळून उचलावा, म्हणजे निकाल सगळ्यांचा होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: वाटणीआधी ओळख, वाटणीनंतर नव्हे. खडा काच निघाला तरी तो तपासण्याचा खर्च वाया जात नाही. आमच्या अंगठीत दोन काचा निघाल्याच की. त्या काच आहेत हे तिघांनी एकत्र पाहिले, त्यामुळे त्यांच्यावरून पुढे कुणाच्या मुलांनी एकमेकांना काही विचारायचे उरले नाही.

या रमजानला जकातीची वही काढाल तेव्हा 'खडे वजा' या ओळीखाली आणखी एक ओळ मोकळी सोडा. तिथे लिहा: कोणता खडा, कोणता घाट, कुणाकडून आला. पुढच्या पिढीत वाटणीला बसणाऱ्या आपल्या मुलींना ती ओळ उपयोगी पडेल, इन्शाअल्लाह.